सुभेदारांच्या कोटाची उजवी बाजू

शर्ट-पायजमा कुणीही शिवतं. गणवेश शिवणं हा वेगळा धंदा आहे आणि तो आम्ही धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत पुष्कळ वर्षं केला. 'आम्ही' म्हणजे आमचे मास्तर आणि मी. मास्तर माझे यजमान. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. माप घेणं, कापड कापणं आणि मशीन त्यांच्याकडे. हातशिलाई, काजं, बिल्ले आणि फिती माझ्याकडे. म्हणजे कमरेखालचं सगळं मास्तरांचं आणि छातीवरचं सगळं माझं, असं मी म्हणायची. त्यावर मास्तर चिडायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खाकी कापड आणि चार बटणं, त्यात काय विशेष? विशेष हे, की गणवेश माणसाला शोभण्यासाठी शिवत नाहीत. तो नियमाला शोभावा लागतो. खिशाची झडप किती रुंद, खांद्यावरची पट्टी कुठे सुरू होते, फीत खिशाच्या किती वर, हे सगळं ठरलेलं. आमच्या हातात एकच गोष्ट, ती म्हणजे माणसाचं पोट कुठे लपवायचं.

गिऱ्हाईकंही तशीच. एका बँडवाल्याला आपल्या कोटावर नवरदेवापेक्षा जास्त जर हवी होती. मी म्हटलं, मग घोड्यावर तुम्हीच बसा. दोंडाईच्याचे एक मारवाडी शेठ त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या पहारेकऱ्यासाठी कोट शिवायला आले आणि त्याच्या खांद्यावर तीन चांदण्या लावा म्हणाले. मास्तरांनी हात जोडले. शेठजी, तीन चांदण्या म्हणजे कॅप्टन होतो. शेठजी म्हणाले, "तो तो बहुत अच्छा. चोर डरेगा." शेवटी मी त्याला पितळी बटणं दुप्पट लावून दिली आणि शेठजी खूश होऊन गेले.

माजी सैनिकांचं काम वेगळंच. सैन्यातून आलेला माणूस शेतीला लागतो, त्याचं अंग बदलतं, आणि मग एखाद्या सव्वीस जानेवारीला त्याला जुना कोट अंगावर चढवायचा असतो. बटणं लागत नाहीत. तो ते कबूल करत नाही. कोट पेटीत आकसला असं सांगतो. आम्ही मान डोलवून बगलेतून कापड सोडतो.

पदकांचं काम मात्र मला मनापासून आवडायचं. पदकाची फीत रंगीत पट्ट्यांची असते आणि प्रत्येक पदकाचे रंग ठरलेले. जुनी फीत विटली की देवळालीच्या छावणीतून नवी मागवायची, ती दुमडून आतल्या पट्टीवर टाचायची, आणि पट्टी कोटावर अडकवायला दोऱ्याचे बारीक फास घालायचे. फास घट्ट झाला तर पट्टी बसत नाही, सैल झाला तर सलाम करताना पदकं खणखणतात. मोठ्या मानाचं पदक छातीच्या मध्याजवळ, मग उतरत्या मानाने बाहेर. आणि सगळं डाव्या छातीवर. हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. म्हणूनच सुभेदारांशी माझं भांडण झालं.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. पेपरात रोज पूर्व पाकिस्तानातल्या गनिमी सैनिकांच्या गोष्टी, फोटो. लुंगी नेसलेली, खांद्यावर बंदूक घेतलेली पोरं. तेव्हा कुणाला तरी आठवलं, की आपल्या जिल्ह्यातही असा एक माणूस आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांच्या पिछाडीला राहून लढलेला. सुभेदार नवलसिंग गिरासे, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात शेती करणारे. सव्वीस जानेवारीला धुळ्याच्या परेडच्या मैदानावर माजी सैनिकांचा सत्कार ठरला होता. पहिल्या रांगेत शौर्यपदकवाले, आणि त्यांत ह्यांचं नाव.

हा समारंभ एक निवृत्त कॅप्टन बघत होते. त्यांचं नाव लिहीत नाही. चांगला माणूस होता, करकरीत इस्त्रीचा. आमच्यासाठी ते फार मोठे, कारण शाळेच्या कवायती मुलांचे सगळे गणवेश त्यांच्या शब्दावर आमच्याकडे यायचे. मास्तरांचा उजवा हात त्या वर्षापासून थरथरायला लागला होता. बारीक काम सुटत चाललं होतं. ते शाळेचं काम म्हणजे आमचं वर्ष होतं.

सुभेदार दुकानात आले ते एका हातात कापड आणि दुसऱ्या हातात लाल मिरच्यांची पिशवी घेऊन. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. मिरच्या माझ्यापुढे ठेवल्या आणि स्टुलावर बसले. गावाकडचे लोक त्यांना नाना म्हणत, मग मीही नाना म्हणू लागले. कोट शिवायचा होता. जुना कोट का नाही आणला, असं मास्तरांनी विचारलं. नाना म्हणाले, जुना कधी नव्हताच. पलटणीचा होता तो पलटणीत जमा केला, त्यानंतर कधी घातला नाही. पदकं पेटीतच होती. रुमालात बांधून आणली होती. दोन चांदण्या, दोन गोल, आणि एक चांदीचं, ज्याच्यावर इंग्रजांच्या राजाचं डोकं.

मास्तरांनी माप घेतलं. मी पदकं ओळीने मांडली. चांदीचं सगळ्यात आधी, मग बाकीची चार. नानांनी बोटाने चांदीचं पदक ओळीतून बाहेर सरकवलं.

"हाई चार डावीकडे लाव, अक्का. हाई एक उजवीकडे."

मला हसू आलं. समोरासमोर उभं राहिलं की गिऱ्हाइकाचं उजवं ते आपलं डावं होतं. मापं सांगताना निम्मी माणसं ह्यात गोंधळतात. मी म्हटलं, "नाना, तुमची डावी बाजू ही. हृदयाची."

"माले माहीत शे. ते चार हृदयाकडे. हाई उजवीकडे."

"उजवीकडे काहीच लावत नाहीत नाना. लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू दे," म्हणाले, आणि चहा प्यायला लागले. मी अजून थोडं भांडले. म्हाताऱ्याने मान हलवली नाही. शेवटी म्हणाले, "मनं डोकं ठिकानावर शे, माय. तू शिव." मी शिवलं. पण चिडून शिवलं, हे खरं.

कोट तयार होऊन खुंटीवर लागला. फास बरोबर बसलेत का बघायला नानांनी पदकं माझ्याकडेच ठेवली होती, ती मी अडकवून पाहत होते. नेमके त्याच वेळी कॅप्टनसाहेब मुलांच्या टोप्या बघायला आले. कोटाकडे बघून थांबले.

"अक्का, आरशात बघून शिवलात की काय?"

"नानांनीच तसं सांगितलंय," मी म्हटलं. "वय झालंय. गोंधळलेत."

कॅप्टनसाहेबांचं हसू गेलं. ते कोटाजवळ गेले, चांदीचं पदक हातात घेऊन त्याच्या कडेवर कोरलेलं नाव वाचलं, आणि मला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. स्वतः मिळवलेलं पदक डावीकडे. उजवीकडे लावतात ते मेलेल्या माणसाचं पदक, आणि लावतो त्याचा वारस. बाप लढाईत गेला तर मुलगा लावतो, नवरा गेला तर बायको. म्हणजे हा माणूस भर मैदानात सांगतोय की हे पदक माझं नाही.

"पण नाव तर त्यांचंच आहे," मी म्हटलं.

"तेच तर. नाव त्यांचं, सरकारी यादीत ते. त्यांनी टोळी घेऊन जपान्यांचा काफिला अडवला म्हणून हे मिळालंय. आणि ते उजवीकडे लावून उभे राहिले, तर मी कशाचा सत्कार करतोय? लोक म्हणतील, खोटं पदक. एक म्हातारा हसण्यावारी गेला की बाकीचे सगळे हसण्यावारी जातात, अक्का. फास डावीकडे घ्या."

हुकूम होता, पण ओरडून दिलेला नव्हता. टोप्या न बघताच ते गेले.

मास्तर म्हणाले, "डावीकडे घे. दोन टाके तर घालायचेत."

"कोट नानांचा आहे."

"आणि दुकान कुणाचं आहे?"

मी कात्री हातात घेतली, ठेवली, परत घेतली. शेवटी ठरवलं, नाना कोट न्यायला येतील तेव्हा त्यांनाच विचारू. गोंधळ असेल तर डावीकडे. नसेल तर बघू.

नाना आले. मी दारच लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "नाना, हे कुणाचं पदक?"

नाना स्टुलावर बसले. मग सांगितलं. ते थांबत थांबत, अहिराणीतून सांगत होते, मी माझ्या भाषेत लिहिते.

इंग्रजांचं सैन्य ब्रह्मदेशातून मागे हटलं, तेव्हा थोडी माणसं मुद्दाम डोंगरात ठेवली. नाना त्यांतले सुभेदार. काम काय, तर जपान्यांच्या पाठीमागे राहायचं, त्यांच्या वाटा बघायच्या, तारा कापायच्या, अचानक मारायचं आणि नाहीसं व्हायचं. गणवेश नाही, बूट नाही. डोंगरातल्या लोकांसारखं घोंगडं पांघरायचं, बांबूच्या नळीत भात शिजवायचा. मी मनात म्हटलं, ज्या कामाबद्दल गणवेशावर पदक लागतं, ते ह्यांनी गणवेश न घालता केलंय.

त्यांच्याबरोबर एक डोंगरी वाटाड्या होता, थांगा. सैन्यातला नव्हे. तिथल्याच एका गावचा. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही, मग नानांनी त्याला आपली अहिराणी शिकवली. म्हणजे ब्रह्मदेशाच्या डोंगरातला माणूस 'चाल', 'बस', 'दख' म्हणायला लागला. "माले भाऊ म्हने," नाना म्हणाले.

एकदा खबर आली की जपान्यांचा खेचरांचा काफिला एका घळीतून जाणार. अडवायचा तर त्याच दिवशी. आणि नानांना हिवताप. भाताच्या कोठारात पडून होते, उठता येत नव्हतं. थांगाने माणसं घेतली आणि तो गेला. काफिला अडवला, खेचरं दरीत गेली. थांगाला गोळी लागली आणि त्याला परत आणेपर्यंत तो वाटेतच गेला. मग जपान्यांनी त्याचं गाव जाळलं. आई, बायको, सगळं.

अहवाल वर गेला तो टोळीच्या अंमलदाराच्या नावाने. अंमलदार नाना. पदक आलं. नानांनी गोऱ्या साहेबाला सांगितलं, तिथे मी नव्हतोच. साहेब म्हणाला, तो माणूस कुठल्याच पटावर नाही आणि जो पटावर नाही त्याला पदक देता येत नाही. तू नाकारलंस तर ते कपाटात जाईल. घेऊन ठेव.

"मी तापमा पडेल व्हतू, अक्का," नाना म्हणाले. "आन् त्यानं कोनी ऱ्हायनं नही. मंग त्याना वारस मीच ना?"

मी म्हटलं, मग इतकी वर्षं का नाही लावलं? ते म्हणाले, इतकी वर्षं कुणी बोलावलंच नाही. एकट्याने घरात उजवीकडे लावून काय करायचं? चार माणसांत एकदा लावायचंय.

मी कॅप्टनसाहेबांनी काय सांगितलं तेही त्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. नाना म्हणाले, तुझं नुकसान होत असेल तर डावीकडे घे, मी तिथे जाणारच नाही. हे ऐकल्यावर माझ्यापुढे प्रश्न उरला नाही. मी कोट घडी करून त्यांच्या हातात दिला. फास उजवीकडेच होता. मास्तर मशीनवर बसून होते, त्यांनी मान वर केली नाही. पण नाना निघाले तेव्हा उठून दारापर्यंत गेले.

सव्वीस जानेवारीला मी मैदानावर बायकांच्या बाजूला दोरीला चिकटून उभी होते. थंडी होती. पहिल्या रांगेत नाना चौथे. कॅप्टनसाहेब रांग बघत पुढे आले आणि नानांपुढे थांबले. दोघांत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. तेवढ्यात समारंभाचे प्रमुख पाहुणे आले आणि बँड सुरू झाला, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं.

शाली पांघरत पांघरत पाहुणे नानांपुढे आले. नाव वाचणारा माईक घेऊन शेजारीच होता. पाहुण्यांनी पदकाकडे बघितलं आणि सहज विचारलं, हे इकडे कसं? कॅप्टनसाहेब पटकन म्हणाले, "शिंप्याची चूक झाली, सर." माईक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

आमचं दुकान सगळ्यांना माहीत, आणि नानांचा कोट नवाकोरा. आजूबाजूच्या दोघीतिघी माझ्याकडे वळल्या. आणि त्याच वेळी मला हेही कळलं की कॅप्टनसाहेबांनी नानांची सोय केली आहे. नानांनी फक्त गप्प राहायचं होतं. शाल मिळाली असती, मान राहिला असता, कॅप्टनसाहेबांचीही अब्रू राहिली असती, थांगाचं पदक उजवीकडे लागून झालंच होतं. नावं फक्त मला ठेवली गेली असती, आणि ती तर मी आधीच पत्करली होती.

नाना गप्प राहिले नाहीत.

"चूक नही शे, सायेब. मी सांगं तसंच अक्कानी शिवेल शे." आवाज मोठा नव्हता, पण माईकने तो मोठा केला. "हाई मेडल मनं नही. थांगानं शे. तो मरी गया, म्हनीसन उजवीकडे."

पाहुणे शाल हातात धरून उभे. कॅप्टनसाहेबांचं तोंड लाल झालं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. पाहुणे बाहेरगावचे, त्यांना अहिराणी समजली की नाही कोण जाणे. पण त्यांनी विचारलं, "काय नाव म्हणालात?"

"थांगा."

पाहुण्यांनी नाव वाचणाऱ्याकडे बघितलं. तो बिचारा गोंधळला. त्याच्याकडच्या कागदावर असं नाव नव्हतं. मग त्याने आपला रोजचा सूर लावला आणि माईकवर म्हटलं, "थांगा." आडनाव नाही, गाव नाही. पाहुण्यांनी शाल पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शालीला वाजवतात तशाच.

माझ्या शेजारच्या बाईने मला कोपर मारलं. "कोन थांगा वं? दोंडाईचाना शे का?"

मी हो म्हटलं. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

त्या वर्षीचे शाळेचे गणवेश दुसऱ्या शिंप्याकडे गेले. कॅप्टनसाहेब एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त काम आलं नाही. त्याची हळहळ मला वाटली, अजून वाटते, कारण मास्तरांचा हात सुधारला नाही आणि पुढची दोन वर्षं आम्ही नाइलाजाने परकर आणि पिशव्या शिवून काढली. मास्तरांनी मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. नानांना पुन्हा सत्काराचं बोलावणं आलं नाही. दर वर्षी मिरच्या मात्र येत राहिल्या.

नाना गेले ते आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. महिना-दीड महिन्याने त्यांचा मुलगा भटेसिंग दुकानात आला. एस.टी.त कंडक्टर होता. त्याच्या गावच्या शाळेने झेंडावंदनाला बोलावलं होतं, वडिलांची पदकं लावून या म्हणून. रुमाल तोच होता. त्याने पाचही पदकं माझ्यापुढे ओतली, स्वतःचा साधा काळा कोट ठेवला आणि विचारलं,

"अक्का, आते कोनती बाजूले?"

मी चार पदकं वेगळी केली, एक वेगळं केलं, सवयीने. आणि मग माझा हात थांबला. थांगाचा वारस नाना. नानांचा वारस हा समोर उभा. चार पदकं आता मेलेल्या माणसाची होती. पाचवं तर होतंच.

"सगळी उजवीकडे," मी म्हटलं.

पाचांसाठी एकच लांब पट्टी कापली. मोठ्या मानाचं पदक छातीच्या मध्याजवळ, हा नियम उजवीकडेही तोच. म्हणून पहिलं थांगाचं लावलं, आणि त्याला लागून नानांची चार.